फांगळ्याच्या बांधावर

भीमगड अभयारण्यात फिरायचं म्हणून संक्रांतीच्या आठवड्यात पहाटे बेळगावच्या टिळकवाडीतून गाडी काढली. वर्षानुवर्षं ठरवतोय. २०११ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून "एकदा जाऊ या" चाललंय. पण परवानगीचा कागद जिथं मिळायचा ती खिडकीच बंद. "सोमवारी या," असं एकानं लांबूनच सांगितलं. माझी रजा एका दिवसाची. गाडी वळवली आणि कणकुंबीला मामाचं घर गाठलं.

कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम आणि माउलीचं देऊळ. उंची ७९२ मीटर, त्यामुळं जानेवारीत सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघते. मामीनं चहाबरोबर तिळगूळ हातावर ठेवला आणि मी पेला घेऊन परड्यामागच्या बांधावर गेलो. बांधभर फांगळा फुललेला.

हे झुडूप मी लहानपणापासून पाहतोय, म्हणजे खरं तर पाहिलेलंच नाही. गुडघा फुटला की मामी ह्याचाच पाला चुरगळून लावायची, एवढीच ओळख. तुळशीच्या कुळातलं, म्हणून खोड चौकोनी आणि पानं समोरासमोर. पान बोटात चोळलं की कापूर आणि जुन्या औषधाच्या डब्याचा एकत्र वास येतो. वेणीत माळतात ती सुवासिक पानांची पाच ह्याचीच भावंड. अत्तरवाले जिला पचौली म्हणतात तीही पाचच. फांगळा मात्र कुणी माळत नाही. वास जरा रानटीच आहे त्याचा.

फुलाशी नाक नेलं तर तिथं फारसं काही नाही. सगळा दरवळ पानांत, बारीक ग्रंथींमधल्या तेलात. ते तेल पान कुरतडणाऱ्यांसाठी, पाहुण्यांसाठी नव्हे.

"काय बघायलास गा इतका वेळ?" मामा मागून आला. "गुरंसुद्धा तोंड लावत न्हाईत त्याला. म्हणून तर माजलाय."

मी एका वाळक्या काडीकडं बोट दाखवलं. तिच्यावर ओळीनं सात माश्या झोपलेल्या. पोटावर निळसर चकाकते पट्टे. काडी जबड्यात घट्ट धरलेली, पाय पोटाशी घेतलेले, अंगावर दव. हे नर. ह्यांना घर नसतं, रात्र अशीच दातांवर काढतात. (दात नाहीत त्यांना, पण दुसरं कसं सांगू?) मामा वाकला, बघितलं, म्हणाला, "एवढी वर्षं हितनं जातोय मी." मग तोही बांधावर बसला.

उन्हाची तिरीप काडीवर आली तशी पहिल्या माशीनं पोट हलवलं. थोडा वेळ नुसतीच थरथरली, अंग गरम करत. मग सूं करून गेली. सातही जायला पाऊण तास लागला. मामीच्या दोन हाका वाया गेल्या.

तोवर मामाच्या दोन मधपेट्यांतल्या सातेरी मधमाश्या कामाला लागल्या होत्या. आता फूल जवळून बघितलं. जेमतेम तांदळाएवढं, पांढरट, जांभळी झाक असलेलं. बाहेर डोकावणारे चार पुंकेसर आणि प्रत्येकाच्या दांड्यावर जांभळ्या केसांचा झुपका. ह्या झाडाच्या शास्त्रीय नावाचा, पोगोस्टेमॉनचा, अर्थच दाढीवाला पुंकेसर. नाव ठेवणाऱ्यानं नीट बघून ठेवलंय. सातेरी त्या दाढीला पायांनी धरते आणि तोंड आत खुपसते. तेवढ्यात पराग तिच्या पोटाला लागतात. ताज्या फुलात पराग असतात तेव्हा कुक्षी मिटलेली असते. आधी उमललेल्या शेजारच्या फुलात पराग संपलेले आणि कुक्षीची टोकं सापाच्या जिभेसारखी दुभंगलेली. एकाच तुऱ्यावर दोन्ही प्रकार, म्हणून माशीच्या एका फेरीत देणंही होतं आणि घेणंही.

भुंगा आला की सगळा तुरा वाकायचा. आग्या माश्या एकदोनच आल्या, पण त्या आल्या की मी मागं सरकायचो.

"थंडीत पेट्यांना ह्याचा आधार हाय," मामा म्हणाला. "आमची माशी लांब जात न्हाई. किलोमीटर, फार तर दीड." म्हणजे हा बांध साफ केला तर पेट्यांचं अर्धं ताट उचलल्यासारखंच. येताना रस्त्याच्या कडेची झुडपं ऐन फुलात मशीन लावून भुईसपाट केलेली बघितली होती. पावसाळ्यानंतर ती परत फुटतील, पण माश्यांना खायला जानेवारीतच लागतं.

दुपारी निघताना बायकोला दाखवायला दोन तुरे तोडून मामीच्या कापडी पिशवीत टाकले. वर मांडे, मधाची बाटली आणि "पुढच्या खेपेला भीमगड-बिमगड नको, सरळ हितंच ये."

किणयेजवळ चहाला थांबलो. मांडे मोडले की काय बघायला पिशवी उघडली, तर फांगळ्याचा भपकारा आला आणि त्यातून एक सातेरी बाहेर पडली. टपरीच्या बाकावर बसली, मागच्या पायांनी अंग पुसलं, माझ्या पेल्याभोवती एक फेरी मारली. मग उंच गेली आणि आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, अशा घिरट्या घालत राहिली. चहा गार झाला.