हात कानाला पोचतो का?

दुपारी जेवून आडवा होणार इतक्यात लेक आरशासमोर दिसली. उजवा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन तिने डाव्या कानाची वरची कड धरली होती आणि डाव्या हाताने कानात काहीतरी नारिंगी सारत होती. संध्याकाळी रॉक कॉन्सर्टला जायचंय, त्याची ही रंगीत तालीम. स्पंजचं बूच वातीसारखं वळायचं, कान वर ओढायचा, बूच आत सारायचं आणि ते फुगेपर्यंत बोटाने दाबून धरायचं. ओढला की कानातली वाकडी वाट सरळ होते म्हणे.

मी बघत होतो तो हात. आमच्या गावात पहिलीचा प्रवेश असाच व्हायचा. जन्मदाखला असायचा कुणाकडे? मास्तर म्हणायचे, "धर कान." पलीकडचा कान हाताला लागला तर पोरगं शाळेत घालण्याजोगं, नाहीतर पुढच्या वर्षी आणा. माझी बोटं जरा कमी पडत होती. आजोबांनी मागून हळूच माझी मान कलती केली आणि मी पहिलीत गेलो. त्यांच्या कानात कायम हिना अत्तराचा फाया असे. मान कलती करायला ते वाकले तेव्हाही तोच वास आला होता. कानात कापूस घालतात तो वासासाठी, अशी माझी पुढे बरीच वर्षं समजूत.

कॉलेजात असताना तर कापसाचं नावही काढायची सोय नव्हती. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव व्हायचा. आम्ही अंबरनाथहून लोकलने जायचो आणि स्पीकरच्या भिंतीला जमेल तितकं खेटून उभे राहायचो. बास कानाने ऐकूच यायचा नाही, तो बरगड्यांत वाजायचा. कानावर हात ठेवणाऱ्याला आम्ही 'काका' म्हणायचो. 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडने 1976 साली लंडनच्या चार्लटन मैदानात 126 डेसिबल काढले, तेही 32 मीटरवरून मोजलेले, हे गावसकरच्या शतकांसारखं पाठ होतं. गिनीज बुकात होतं ना! त्याच बँडच्या पीट टाउनशेंडचे कान पुढे बिघडले आणि गिनीजनेही हा विक्रम नोंदवायचं सोडून दिलं, ते आमच्यापर्यंत फार उशिरा पोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई म्हणायची, "ओरडतोस काय? मी बहिरी आहे का?" कानात कुई वाजत असायची. दोन दिवसांनी जायची. तोवर मेंदीच्या रंगासारखी मिरवायची.

मग 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रुग्णालयांभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र ठरले आणि रंगभवन गप्प झालं. आम्ही सरकारला यथेच्छ शिव्या घातल्या. जवळच कामा रुग्णालय, तिथल्या बाळंतिणी इतकी वर्षं आमची गिटारं ऐकत होत्या, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"बाबा, 85 डेसिबल आठ तास चालतं," लेक आरशातून म्हणाली. "पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 ला फक्त पाव तास." मी मनातल्या मनात रंगभवनचे तास मोजायला घेतले आणि सोडून दिले. कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, एकदा गेल्या की आपल्याला परत येत नाहीत, कोंबडीला येतात, असंही तिने सांगितलं. कोंबडीला एवढं काय ऐकायचं असतं, कोण जाणे.

"तुझ्यासाठीपण एक जोडी आणलीय. गणपतीत लाव, मिरवणूक खिडकीखालूनच जाते."

मी बूच वळलं. हात डोक्यावरून न्यायला गेलो तर कपाळापाशीच अडकला. फ्रोझन शोल्डर. मान कलती करून पाहिली, तरी नाहीच.

"थांब, मी घालते," म्हणत तिने माझा कान धरला.

बूच फुगत गेलं. आधी पंख्याची घरघर गेली, मग रस्त्यावरचे हॉर्न, मग तिचं बोलणं. ओठ तेवढे हलत होते. कुई मात्र आतलीच. बाकी सगळं गेल्यावर ती एकटी, चांगली मोठ्याने, वाजत राहिली.