तुम्ही विचारलंत म्हणून: यीस्टच्या पेशीला कसं कळतं की स्पिंडल जागेवर आलाय?

यीस्टच्या पेशीविभाजनावर काम करते म्हटलं की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच, विद्यार्थी विचारतात, घरचे विचारतात, आणि खरं सांगायचं तर मला तो फार आवडतो: एवढीशी पेशी, तिला डोळे नाहीत की मेंदू नाही, मग आपला स्पिंडल, म्हणजे गुणसूत्रं दोन बाजूंना ओढून नेणारा मायक्रोट्यूब्यूलचा (प्रथिनांच्या बारीक नळ्यांचा) सांगाडा, नीट जागेवर आलाय की नाही हे तिला कळतं तरी कसं? दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी हे सांगायला हवं की हा प्रश्न यीस्टच्या बाबतीत एवढा मोठा का आहे. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींमध्ये स्पिंडल आधी बसतो आणि मग त्याच्या मध्यावर पेशी दुभागते, म्हणजे स्पिंडल जिथे असेल तिथे काप पडतो. कळी काढून वाढणाऱ्या यीस्टचं, सॅकरोमायसेस सेरेव्हिसीचं, नेमकं उलटं आहे. कळी कुठे फुटणार हे स्पिंडल तयार व्हायच्या आधीच ठरलेलं असतं, आई, म्हणजे मूळ पेशी, आणि कळी यांच्यामधल्या मानेभोवती सेप्टिन प्रथिनांचं कडं बसलेलं असतं, आणि काप तिथेच पडणार, त्यात बदल नाही. म्हणजे इथे स्पिंडललाच कापाच्या जागेवर यावं लागतं. त्यात यीस्टच्या केंद्रकाचं आवरण विभाजनातही फुटत नाही, स्पिंडल केंद्रकाच्या आतच असतो, त्यामुळे साधारण ५ मायक्रॉनच्या पेशीत सगळं केंद्रकच त्या जेमतेम १ मायक्रॉनच्या मानेतून अर्धं पलीकडे सरकवावं लागतं!

हे सरकवायचं कसं? स्पिंडलच्या दोन्ही टोकांना केंद्रकाच्या आवरणात रुतून बसलेली एकेक पोल बॉडी असते, तिच्या आतल्या बाजूने गुणसूत्रांकडे मायक्रोट्यूब्यूल जातात आणि बाहेरच्या बाजूनेही थोड्या निघतात, आणि ओढाओढीचं सगळं काम या बाहेरच्यांकडे. ट्यूब्युलिनला, म्हणजे मायक्रोट्यूब्यूल ज्याच्या बनतात त्या प्रथिनाला, चमकणारं प्रथिन जोडून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर मधे एक आखूड जाड कांडी दिसते आणि तिच्या टोकातून एक बारीक, फिकट धागा बाहेर आलेला दिसतो, तो वाढतो, पेशीच्या कडेला टेकतो, आखडतो, परत दुसरीकडे वाढतो, आणि मधेच कधीतरी मानेतून कळीत शिरतो. मी हे किती तरी वेळा बघितलंय तरी तो धागा कळीत शिरला की अजूनही खुर्चीत सरसावून बसते.

पहिल्या टप्प्याला कार-९ नावाचं प्रथिन लागतं. ते बिम-१ या दुसऱ्या प्रथिनाला धरून मायक्रोट्यूब्यूलच्या वाढत्या टोकावर बसतं आणि दुसऱ्या बाजूने मायो-२ या मायोसिनला, म्हणजे दोऱ्यांवरून चालणाऱ्या प्रथिनाला, पकडतं. आता हा मायो-२ ॲक्टिन या प्रथिनाच्या दोऱ्यांवरून चालतो आणि त्या दोऱ्या कळीपासूनच विणलेल्या असतात, म्हणजे त्यांच्यावरून चालत राहिलं की माणूस, सॉरी, मायोसिन, कळीतच पोचणार. कळी कुठे आहे हे कार-९ ला शोधावं लागत नाही, रस्ताच तिकडे जातो. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. यातली अजून एक गोष्ट म्हणजे कार-९ दोन्ही पोल बॉडींकडे सारखं जात नाही, ते बहुतेक करून जुन्या, म्हणजे आधीपासून असलेल्या, पोल बॉडीकडून निघालेल्या मायक्रोट्यूब्यूलवर बसतं, त्यामुळे जुनी पोल बॉडी नव्या कळीत जाते आणि नवी आईकडे राहते. मला वाटलं असतं उलट होईल, पण नाही!

दुसरा टप्पा ॲनाफेजचा, गुणसूत्रं वेगळी होताना. इथे डायनीन येतं, हे मायक्रोट्यूब्यूलवरून चालणारं प्रथिन. ते आधी मायक्रोट्यूब्यूलच्या टोकावर जमतं, मग पेशीच्या कडेला नम-१ नावाच्या प्रथिनाला जाऊन अडकतं आणि तिथून पोल बॉडीच्या दिशेने चालायला लागतं. पण ते स्वतः कडेला बांधलेलं आहे, पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे भिंतीला पाय रोवून दोर खेचणाऱ्या माणसासारखं ते अख्खा स्पिंडल, केंद्रकासकट, मानेतून आपल्याकडे ओढून घेतं. कार-९ नसलं तर डायनीन सांभाळून घेतं, डायनीन नसलं तर कार-९ बऱ्यापैकी निभावतं, दोन्ही काढलं तर पेशी तगत नाहीत. एवढ्या महत्त्वाच्या कामाला दोन स्वतंत्र वाटा ठेवल्यात, यातच सगळं आलं.

आता खरं "कळणं". डायनीन नसलेलं यीस्ट थंड तापमानात वाढवलं की बऱ्याच पेशींमध्ये स्पिंडल आईतच्या आईतच लांब होतो, दोन्ही केंद्रकं आईत, कळी रिकामी. अशी पेशी दुभागली तर एकीकडे दोन केंद्रकं आणि दुसरीकडे काहीच नाही. पण ती दुभागत नाही, थांबून राहते, स्पिंडल तसाच लांब ठेवून, आणि मग केव्हातरी एक टोक मानेतून पलीकडे गेलं की थोड्याच वेळात स्पिंडल मोडतो आणि पेशी वेगळ्या होतात. तो थांबा कसा लागतो ते असं: विभाजन संपवायचं बटण म्हणजे टेम-१ हे प्रथिन, आणि ते बसलेलं असतं पोल बॉडीवरच. त्याला दाबून ठेवणारी जोडी, बीएफए-१ आणि बब-२, तीही तिथेच. आईच्या बाजूला किन-४ नावाचं एन्झाइम असतं जे या जोडीला जागं ठेवतं, आणि कळीत असतं एलटीई-१, जे किन-४ ला बंद पाडतं. म्हणजे पोल बॉडी आईच्या हद्दीत असेपर्यंत टेम-१ दबलेलं, आणि ती कळीत पोचली की तिथे किन-४ चं काही चालत नाही, टेम-१ सुटतं, पुढची साखळी चालू होते, शेवटी सीडीसी-१४ हा फॉस्फटेज (प्रथिनांवरचे फॉस्फेट काढणारं एन्झाइम) केंद्रकातल्या न्यूक्लिओलस या भागातून बाहेर पडतो आणि विभाजन संपतं. कुणी अंतर मोजत नाही, कुणी बघत नाही, निरोप घेऊन जाणारी वस्तू स्वतःच त्या जागी पोचली तरच निरोप पोचतो. किन-४ काढून टाकलं की स्पिंडलची जागा चुकलेल्या पेशी वाट न बघता दुभागतात, आणि बिनकेंद्रकाच्या पेशी दिसायला लागतात.

हे चित्र सुंदर आहे पण मी ते पुरं झालं असं म्हणणार नाही, कारण मानेत शिरलेल्या मायक्रोट्यूब्यूल लेझरने तोडल्यावर काही पेशी स्पिंडल आईत असतानाही पुढे निघून गेल्या असे प्रयोग आहेत, म्हणजे मानेतली मायक्रोट्यूब्यूलही थांबण्यात काहीतरी हातभार लावते. यावर अजून वाद होतात, आणि व्हायला हवेत.

आणि हो, "पण याचा माणसाला काय उपयोग" हेही विचारता तुम्ही. डायनीनला यीस्टमध्ये पॅक-१ नावाचं एक मदतनीस प्रथिन लागतं, माणसात त्याचंच भावंड म्हणजे एलआयएस-१. त्याच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी बाळाच्या मेंदूवर नेहमीच्या घड्या पडत नाहीत, मेंदू गुळगुळीत राहतो, कारण वाढत्या मेंदूत चेतापेशींना आपलं केंद्रक ओढत जागेवर जायचं असतं आणि तिथेही डायनीनच खेचत असतं. डायनीन एरवी स्वतःशीच मिटून बंद बसतं आणि हे प्रथिन त्याला उघडं राहायला मदत करतं, हे समजायला यीस्टमधल्या पॅक-१ ने फार मोठी मदत केली, आणि त्या प्रयोगांत जे मोजत होते ते हेच, स्पिंडल मानेपाशी आला का आणि पलीकडे गेला का.