लेडी ॲग्न्यू: गाडी अडली ती ओठांच्या कोपऱ्यात

अमेरिकी चित्रकार जॉन सिंगर सार्जंटने १८९२ मध्ये रंगवलेल्या लेडी ॲग्न्यूच्या व्यक्तिचित्राची प्रतिकृती मी तेलरंगात पूर्ण केली. पांढरा झगा, कमरेचा जांभळट पट्टा, मागचा निळसर चिनी पडदा, हे सगळं सुरळीत पार पडलं. चेहऱ्याने मात्र घाम फोडला, आणि त्याला कारण छापील प्रती. तो राग अजून गेलेला नाही.

मी घेतलेल्या प्रत्येक प्रतीत सावल्या गडद करून ठेवलेल्या. ओठांच्या कोपऱ्यातली सावली काळी झाली की ही बाई कुत्सित हसू लागते. मूळ भाव तो नव्हेच! ती इन्फ्लुएंझातून उठत होती. खुर्चीत रेलून बसण्यात शीण आहे, पण नजर थेट आपल्यावर आणि भुवई जराशी उचललेली. शीण आणि आव्हान यांचा तोल त्या एवढ्याशा कोपऱ्यावर आहे. तिथे रंग लावायचा, दुरून पाहायचं, खरवडायचं, पुन्हा लावायचं. दिवसच्या दिवस यात गेले.

शेवटी छापील प्रती बाजूला ठेवल्या आणि एडिंबरोच्या नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावरचं छायाचित्र मोठं करून पाहिलं. ओठ तिथे रेषेने संपतच नाहीत, गालाच्या छटेत विरतात. मग गालाचीच मधली छटा घेतली, त्यात कणभर लाल मिसळला, ओला रंग ओल्यात टेकवला आणि कोरड्या ब्रशने कड मोडली. भाव आला! त्या क्षणी झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही.

तेव्हा काळ्या रंगाने ओठांची कड आखू नका. डोळ्यांचा पांढरा भागही पांढरा नसतो, राखाडीकडे झुकवा. नाही जमलं तर रंग ओला असतानाच पॅलेट नाइफने (रंग मिसळायच्या बोथट सुरीने) काढा. सार्जंटसुद्धा न पटलेला चेहरा खरवडून नव्याने सुरू करायचा. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: डोळे बारीक करून आधी उजेड आणि सावलीचे मोठे भाग बसवा, भुवईचा विचार नंतर. चित्र आरशात पाहिलं की कलता चेहरा लगेच पकडता येतो.

टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग सावकाश वाळतो, अंबर हा मातकट तपकिरी लवकर. त्यामुळे उजळ भाग हाताला कोरडे लागले तरी वार्निशची घाई नको, निदान सहा महिने थांबा.