वार्ताफलक, इयत्ता चौथी

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मजकूर मागणारा निरोप आला, तेव्हा सोबत एक सूचनाही होती : ‘शाळेने केलेल्या संस्कारांवर लिहावे.’ संस्कारांवर बाकीचे लिहितीलच. आमच्या तुकडीत भाषणं ठोकणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती. मी लिहिणार आहे तो आपल्या शाळेच्या जिन्याखालच्या फळ्याबद्दल. १९९२ ते १९९६ या काळात जे इथे पहिली ते चौथी शिकले, त्यांना तो आठवत असेल. इतरांसाठी थोडं सविस्तर सांगतो.

फळा साधाच, लाकडी, एका कोपऱ्यात तडकलेला. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी शिपाईकाका जुन्या सेलमधली काळी पूड पाण्यात कालवून त्याला हात मारायचे. पहिल्या आठवड्यात ज्याची पाठ फळ्याला लागेल, त्याच्या शर्टावरून घरी काय व्हायचं ते व्हायचंच. वर पांढऱ्या ऑइलपेंटने ‘वार्ताफलक’, आणि खाली दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने : ‘देश-विदेश’, ‘आपलं नाशिक’, ‘आपली शाळा’. तिन्ही अगदी सारख्या रुंदीचे. त्यामुळे एकीकडे पंतप्रधान परदेश दौऱ्यावर निघालेले असत आणि दुसऱ्या टोकाला, तितक्याच मोठ्या अक्षरात, ‘दुसरी ब मध्ये स्टीलच्या डब्याचे झाकण सापडले आहे. ओळख पटवून न्यावे.’

फळा लिहायचा मान चौथीचा. आमच्या चौथीच्या बाईंचा एकच नियम होता. प्रत्येक बातमीच्या शेवटी कंसात एक अक्षर टाकायचं : पाहिलं असेल तर (पा), वाचलं असेल तर (वा), नुसतं ऐकलं असेल तर (ऐ). अक्षर नसेल तर बातमी पुसली जायची, मग ती कितीही भारी असो. ‘वा’वाल्या बातम्या बहुतेक ‘गावकरी’तून यायच्या, कारण शाळेत तोच पेपर यायचा. एका मुलाच्या घरून आदल्या दिवशीचा ‘देशदूत’ यायचा, त्यात सिनेमाच्या जाहिराती जास्त असतात म्हणून तो आमचा जास्त लाडका. ‘ऐ’चा साठा अमर्याद होता. रेडिओवरच्या प्रादेशिक बातम्या, रिक्षावाले काका, न्हाव्याचं दुकान, आजी. भाव होता तो ‘पा’ला.

सोमवारी फळा भरायला फार कष्ट पडत नसत, कारण रविवारी सगळ्यांनी काही ना काही पाहिलेलं असायचं. मंगळवार मात्र कोरडा. मंगळवारी शाळेच्या रकान्यात हमखास नखं तपासणीचा निकाल लागायचा.

बुधवार वेगळा होता. गोदाघाटावर आठवड्याचा बाजार बुधवारचा. शाळा रविवार कारंजा आणि घाट यांच्या मधोमध, म्हणजे बाजाराचा अर्धा गलका आमच्या खिडकीतून आत. आमच्या वर्गातल्या दोन-तीन मुलांचे आईवडील तिथे भाजी घेऊन बसायचे आणि बुधवारी ती मुलं दुपारच्या सुट्टीनंतर दिसत नसत. हजेरीच्या वेळी बाई त्यांचं नाव घ्यायच्या, क्षणभर थांबायच्या आणि पुढच्या नावावर जायच्या. गुरुवारी सकाळी याच मुलांना पुढे बोलवून ‘आपलं नाशिक’खाली बाजारभाव लिहायला लावायच्या. ‘कोथिंबीर उतरली. टोमॅटो चढले. मेथी संध्याकाळी कुणी विचारत नव्हते. (पा)’ त्या दिवशी सराफ बाजारातली, डॉक्टरांची, वकिलांची मुलं त्यांच्याकडे मान वर करून बघायची, कारण मेथी कुणी विचारत नव्हतं हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक असणार? त्यातला एक जण आज बाजार समितीत मोठा व्यापारी आहे. नाव लिहीत नाही, नाहीतर स्मरणिकेसाठी जाहिरात मागायला सगळे त्याच्याचकडे जातील.

पावसाळ्यात मात्र सगळा फळा एकाच रकान्याचा व्हायचा. पंचवटीतून येणारी मुलं व्हिक्टोरिया पुलावरून यायची. त्याला आता अहिल्याबाई होळकर पूल म्हणायचं, पण आमच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे. पुलावरून खाली बघितलं की गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची उभी मूर्ती किती बुडालीय ते दिसायचं. नाशिककरांना पुराची दुसरी मोजपट्टी लागत नाही. ‘सकाळी पाणी मारुतीच्या गुडघ्याला. (पा)’ असं एकाने लिहायचं. मग दहा वाजता येणारा दुसरा ते पुसून ‘कमरेला’ करायचा. तिसरा ‘छातीला’ म्हणायचा आणि वर्गात खडाजंगी व्हायची. बाई शांतपणे विचारायच्या, “किती वाजता? कुठून पाहिलंस? पुलाच्या मधून की कठड्यावरून?” आणि प्रत्येक बातमीपुढे वेळ टाकली जायची. त्यानंतर कुणाचंच खोटं राहायचं नाही, गुडघाही खरा आणि कमरही खरी.

पेपरात यायचं ते क्युसेकमध्ये. ‘गंगापूर धरणातून इतके क्युसेक पाणी सोडले.’ हा क्युसेक म्हणजे कुठला तरी मोठा राक्षस असावा अशी आमची समजूत. बाईंनी एकदा मावशींना हौदाजवळची लोखंडी बादली आणायला लावली. “ही चौदा लिटरची. अशा दोन बादल्या, एका सेकंदात. म्हणजे एक क्युसेक.” खरा आकडा २८ लिटरच्या किंचित वर आहे हे पुढे हायस्कुलात कळलं, पण त्या दिवशी आम्ही पाटीवर गुणाकार करत बसलो. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला वीस हजार बादल्या. मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, “बाई, एवढ्या बादल्या रिकाम्या करतं कोण?” बाई हसल्या आणि गंगापूरच्या दरवाज्यांचं चित्र काढून दाखवलं. धरणाचे दरवाजे, खालची नदी, रामकुंड, मारुती, आणि अगदी कोपऱ्यात एक चौकोन : आपली शाळा.

‘देश-विदेश’ रकाना आमच्यासाठी लांबचा होता. तो एकदाच एकदम जवळ आला. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, मिरवणुकीचे ढोल अजून कानात, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं भूकंपाने जमीनदोस्त झाली. आम्ही तेव्हा दुसरीत. फळा त्या वर्षीच्या चौथीने लिहिला, आम्ही फक्त अक्षरं लावून वाचला. शाळेत धान्य आणि कपडे गोळा करायचं ठरलं. मोठ्या बाई स्वतः व्हरांड्यात टेबल टाकून बसल्या आणि प्रत्येक पिशवी उघडून बघत होत्या. बटणं तुटलेले, कॉलर विरलेले कपडे त्यांनी बाजूला काढले आणि संध्याकाळी पालकांना परत दिले. “आपण घालणार नाही ते त्यांनी का घालायचं?” काही पालक ओशाळले, काही चिडले. दुसऱ्या दिवशीच्या पिशव्या मात्र बघण्यासारख्या होत्या.

आता ज्या गोष्टीमुळे आमची चौथी आजही एकमेकांना ओळखते त्याबद्दल. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. पितृपक्ष चालू होता, म्हणजे एरवी कुठे सण ना सोहळा. दुपारच्या सुट्टीत बाहेर गेलेली मुलं पळतच परत आली. गणपती दूध पितोय! सगळ्या देशातले गणपती दूध पितायत. शाळा सुटेपर्यंत गल्लीतल्या देवळापुढे वळणावळणाची रांग लागली होती, हातात वाट्या, तांब्ये, चमचे. डेअरीवाल्याकडचं दूध संपलं होतं. आमच्या घरच्या पितळी गणपतीलाही संध्याकाळपर्यंत भरपूर पाजून झालं. आजीने चमचा सोंडेला लावला आणि दूध हळूहळू कमी होताना मी डोळ्यांनी बघितलं.

शुक्रवारी सकाळी फळ्यापुढे नुसता गोंधळ. पहिल्यांदाच प्रत्येकाकडे ‘पा’ होता. एकजण म्हणाला अर्धा लिटर प्याला, दुसरा म्हणाला आमच्याकडे एक लिटर. बाईंनी कुणालाच खोटं पाडलं नाही. “काय पाहिलंत तेवढंच सांगा. दूध चमच्यातून कमी झालं, हे पाहिलं. पोटात गेलं, हे पाहिलं का कुणी?” वर्ग गप्प. मग त्यांनी शाळेमागेच राहणाऱ्या मावशींकडून वरवंटा मागवला.

तो प्रयोग मला अजून जसाच्या तसा दिसतो. बाईंनी वरवंटा टेबलावर उभा केला आणि ओल्या फडक्याने पुसला. मूर्तीलाही आधी आंघोळ घालतातच, म्हणाल्या. वाटीतल्या दुधात चिमूटभर कुंकू टाकून ते गुलाबी केलं. चमचा अगदी काठोकाठ भरला, इतका की दूध कडेच्या वर फुगून आलं होतं. तो वरवंट्याच्या अंगाला टेकवला. काही क्षण काहीच नाही. मग फुगवटा बसला आणि चमचा रिकामा होत चालला. पहिल्या बाकावरची मुलगी ओरडली, “प्यायला!” बाईंनी तिलाच जवळ बोलावून खाली वाकायला सांगितलं. वरवंट्याच्या काळ्या दगडावरून एक बारीक गुलाबी रेघ खाली उतरत होती आणि तळाशी टेबलावर गुलाबी थारोळं साचत होतं. रेघ इतकी पातळ की दुधात रंग नसता तर दिसलीच नसती. पृष्ठताण हा शब्द आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. दिल्लीतल्या शास्त्रज्ञांनीही असाच दुधात रंग मिसळून हेच दाखवलं होतं, ते नंतर वाचनात आलं. बाईंना ते आधी कळलं होतं की त्यांचं त्यांनाच सुचलं, हे विचारायचं राहूनच गेलं.

त्या दिवशीचा फळा असा होता : ‘आपलं नाशिक : काल शहरात ठिकठिकाणी गणपतीला दूध पाजण्यात आले. (पा)’ आणि शेजारी ‘आपली शाळा : आज चौथीच्या वर्गाने वरवंट्याला दूध पाजले. तोही प्याला. (पा)’

हे सगळ्यांना रुचलं नाही. दोन पालक तक्रार घेऊन आले, मुलांच्या मनातली श्रद्धा का घालवता म्हणून. ऑफिसात काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. एवढंच दिसलं की मोठ्या बाई त्यांच्यासोबत जिन्यापर्यंत आल्या, फळा वाचला, चष्मा नीट केला आणि ‘प्याला’ या शब्दातली वेलांटीसारखी दिसणारी एक फरकाटी बोटाने पुसून परत गेल्या. फळा शनिवारी शाळा सुटेपर्यंत तसाच होता. आणि माझ्या आजीचं म्हणाल तर ती शेवटपर्यंत म्हणत राहिली, “वरवंट्याने पिऊ दे, माझ्या गणपतीनेही घेतलं.” तिच्याशी वाद घालायची बाईंचीही छाती झाली नसती.

बाकी मग लहानसहान. ओझरचं मिग डोक्यावरून गेलं की प्रार्थनेची एक ओळ कुणालाच ऐकू यायची नाही, आणि फळ्यावर ‘विमान गेले. (ऐ)’ असं यायचं, कारण मान वर करेपर्यंत ते पसार झालेलं असायचं. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये एकाचे वडील कामाला होते. १९२८ पासून तिथे नोटा छापतात हे तो इतक्या अभिमानाने सांगायचा की मधल्या सुट्टीत बोरं त्याच्याच पैशाने यावीत अशी सगळ्यांची रास्त अपेक्षा असे. ती कधी पुरी झाली नाही. २७ फेब्रुवारीला ‘आज कविवर्य कुसुमाग्रज ऊर्फ तात्यासाहेब शिरवाडकर यांचा वाढदिवस’ असं लिहिलं जायचं आणि टिळकवाडीहून येणारी मुलगी तोऱ्यात ‘पा’ टाकायची, कारण पुस्तकात ज्यांची कविता आहे त्यांचं घर तिच्या रस्त्यावर होतं. जानेवारीत निफाडचा पारा किती उतरला ते रोज लिहायचं आणि मग चौथीचा वर्ग उन्हात, मैदानावर.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी फळ्याची गरजच नसे. जुन्या नाशकात शनी चौकात, तिवंध्यात पेशवेकालीन रहाडी आहेत. जमिनीत बांधलेले दगडी हौद, एरवी मातीखाली झाकलेले, त्या एका दिवशी उघडून रंगाने भरतात. धप्पकन उडी मारायची. ठराविक रहाडीचा ठराविक रंग, त्यामुळे हजेरी घेताना बाई कानामागे बघून सांगायच्या की कोण कुठे उडी मारून आलाय. बातमी लिहिणाऱ्याने ती आधीच अंगावर आणलेली असायची.

शनिवारी सकाळची शाळा, पांढरा गणवेश, कवायत, लेझीम. सुटताना मॉनिटरने आठवड्याचा फळा दोनशेपानी वहीत उतरवायचा, मगच पुसायचा. त्या वह्यांना ‘वार्तावही’ म्हणत. अमृतमहोत्सवाच्या तयारीत ऑफिसच्या लोखंडी कपाटातून अशा काही वह्या निघाल्या आहेत. १९९५-९६ ची सापडली, वरवंट्याची बातमी तिच्यात आहे आणि अक्षर माझं नाही हे मला मान्य करावं लागतंय. १९९३-९४ ची मात्र नाही, म्हणजे किल्लारीच्या दिवसाचा फळा आपल्याकडे नाही. त्या वर्षी चौथीत असलेल्यांपैकी कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या आईच्या ट्रंकेत ती असेल तर कृपया ऑफिसात आणून द्यावी. झेरॉक्स काढून मूळ वही परत मिळेल. मधली पानं फाटलेली असली तरी चालतील.