तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या प्रिंट्सवर चेहरा का नसतो

प्रत्येक प्रदर्शनात कुणीतरी स्टॉलसमोर थांबतं, सगळ्या प्रिंट्सवरून एकदा नजर फिरवतं आणि विचारतं, "रामायणाची प्रिंट म्हणता, मग यात राम कुठाय हो?" कुणी म्हणतं भीमसेनजींची करा ना, त्यांचा तो हात वर गेलेला, डोळे मिटलेले, हातोहात जाईल. मेसेजमध्येपण हेच. तर एकदा नीट बसून लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी जुन्या दूरदर्शनवरच्या मालिका आणि रेडिओ-कॅसेटच्या काळातलं गाणं यावरून रेट्रो स्टाइलचे आर्ट प्रिंट्स करते. जाड कागद, स्क्रीन प्रिंटिंग, बहुतेक वेळा तीनच रंग, आणि चेहरा एकाही प्रिंटवर नाही.

पहिल्या प्रिंटवर होता. चिमणरावांची केली होती, मुंबई दूरदर्शनची ती मालिका माझ्या आईची अत्यंत लाडकी, चिं. वि. जोशींचं पुस्तक तिला आधीच पाठ होतं आणि त्यात दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ, त्यामुळे म्हटलं आईला सरप्राइज देऊ. महिनाभर खपून प्रभावळकरांचा चेहरा काढला. आईने बघितला, "अगदी हुबेहूब गं" म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली. बस, एवढंच. मला वाईट नाही वाटलं, पण ते डोक्यात राहिलं. नंतर सहज म्हणून आमचा जुना शटरवाला टीव्ही काढला, त्यावर आजीने विणलेलं क्रोशाचं कव्हर, कव्हरवर गजराचं घड्याळ, बाजूला स्टॅबिलायझर, आणि पडदा नुसता उजळलेला, त्यात काहीच नाही. त्या चित्रासमोर आई वीस मिनिटं उभी होती. वाड्यातलं कोण कुठे बसायचं, कुणाला भिंतीला टेकायला लागायचं, कोण बातम्या संपल्या की उठून जायचं, कुणाच्या घरून पाट यायचे, सगळं सांगितलं तिने, आणि यातलं निम्मं मी कधी ऐकलेलंच नव्हतं.

तेव्हा मला कळलं की चेहरा असला की बघणारा ओळखतो आणि पुढे जातो. चेहरा नसला की तो तिथे स्वतः जाऊन बसतो.

दुसरं कारण साधं आहे. ज्या फोटोवरून मी चेहरा काढणार तो फोटो कुणीतरी काढलेला असतो, आणि तो चेहरा एका खऱ्या माणसाचा असतो, त्यांना न विचारता मी तो कागदावर छापून विकावा हे मला पटत नाही. लोगोचंपण तेच. दूरदर्शनचा तो डोळा, एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत शिकणाऱ्या देवाशिष भट्टाचार्य यांनी केलेला, आणि त्याच्यासोबत पंडित रविशंकरांची ती धून, १९७६ पासूनचं हे सगळं. ते दोन वळसे गोल फिरत फिरत जवळ यायचे ते आठवलं तरी माझ्या पोटात काहीतरी होतं, आणि डिझाइनर म्हणून सांगते, इतकं कमी आणि इतकं पुरेसं चिन्ह आपल्याकडे फार थोडी आहेत. पण ते त्यांचं आहे. मी ते घेत नाही.

आता रामायणाची प्रिंट. तिचं नाव "रविवार, साडेनऊ". २५ जानेवारी १९८७ ला मालिका सुरू झाली, रविवारी सकाळी साडेनऊला, आणि पुढे दीड वर्ष आमच्या वाड्यात त्या वेळेला नळालासुद्धा कुणी नसायचं. प्रिंटमध्ये फक्त एक दार आहे, अर्धवट लोटलेलं, आणि दाराबाहेर चपला. सोळा जोड. कोल्हापुरी आहेत, बाटाच्या सँडल आहेत, एक बूट आहे पॉलिश केलेला, आणि अगदी कडेला लहान मुलाची निळ्या पट्ट्याची स्लिपर, जिचा तुटलेला अंगठा सेफ्टी पिन लावून अडकवलाय. लोक ती पिन बघतात ना, तिथेच थांबतात. एक आजोबा तर "ही माझी" म्हणाले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

त्या दाराच्या फटीतून जो उजेड येतो तो निळा आहे, आणि त्या निळ्यासाठी मी काकांचं डोकं खाल्लंय. काका म्हणजे नारायण पेठेत ज्यांच्याकडे मी छापून घेते ते, आयुष्यभर लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्ड छापलेला माणूस, हात असा की फ्रेम उचलली की ओल्या शाईवर एक डाग नाही. ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीचा पांढरा हा पांढरा नसतो हे तुम्हाला आठवत असेल, खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत भिंतीवर जो उजेड पडायचा तो निळसर असायचा. पहिला रंग काकांनी घोटला तो फार भडक आला, शाळेच्या शाईसारखा. दुसऱ्यात पांढरा जास्त पडला, तर आकाशी झाला. मी समजावत होते आणि ते ऐकत होते आणि मग एकदम म्हणाले, "म्हणजे निळीचा हात मारलेलं धोतर वाळत घातल्यावर दिसतं तसं ना?" हो! अगदी तेच! पांढऱ्यात निळा आणि काळ्याचा अगदी थेंब, आणि आला.

बऱ्याच जणांना वाटतं की हा जुना लुक म्हणजे एखादा फिल्टर आहे. तसं नाहीये. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची वेगळी फ्रेम असते, जाळीवर इमल्शन म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप लावायचा, वर पॉझिटिव्ह म्हणजे पारदर्शक फिल्मवरचं काळं चित्र ठेवून उजेड द्यायचा, जिथे पॉझिटिव्ह काळी तिथे इमल्शन कच्चं राहतं आणि पाण्याने धुवून जातं, आणि तेवढ्याच भागातून शाई खाली उतरते. एक रंग ओढायचा, सगळे कागद दोरीवर वाळवायचे, मग दुसरा. साठ प्रिंट आणि तीन रंग म्हणजे एकशे ऐंशी वेळा हात फिरतो. त्यात कुठेतरी कागद केसभर सरकतो आणि लाल रंग काळ्या रेषेच्या जरासा बाहेर डोकावतो, जसा जुन्या कॅलेंडरवर, सिनेमाच्या पोस्टरवर डोकावायचा. कंप्युटरवर मुद्दाम सरकवला तर सगळ्या साठ प्रिंटवर एकसारखा सरकतो, आणि डोळ्याला ते लगेच समजतं. तीन रंगांचंपण तेच आहे, चौथा रंग म्हणजे चौथी फ्रेम आणि आणखी एक दिवस, म्हणून जुनी माणसं दोन रंग एकावर एक छापून तिसरा काढायची. मीपण तेच करते. पिवळ्यावर निळा ओढला की हिरवा फुकट मिळतो.

पण चेहरा नसण्याचा एक त्रास आहे, तो म्हणजे बाकी सगळं खरं असावं लागतं. चेहऱ्यावर लोक खूप काही माफ करतात. नुसत्या वस्तू असल्या की तुमच्याकडे लपायला जागाच नाही.

हे मी शिकले ते अँटेनाच्या प्रिंटवरून. पुण्याला टीव्ही आला १९७३ मध्ये, सिंहगडावरच्या टॉवरवरून मुंबईचे कार्यक्रम दिसायला लागले, आणि मग सगळ्या पेठांमधल्या कौलांवर, पत्र्यांवर, गच्च्यांवर अँटेना उभ्या राहिल्या, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, नैऋत्येला, सिंहगडाकडे. लहानपणी मला ते फार भारी वाटायचं, अख्खं गाव एकाच गडाकडे बघतंय असं. ती प्रिंट मी मन लावून केली. छपरांच्या ओळी, दूर गड, गडावर टॉवर. पहिल्याच प्रदर्शनात एक गृहस्थ आले, सत्तरीच्या पुढचे, बराच वेळ जवळ जाऊन बघत होते, आणि मग हळूच म्हणाले, "ताई, रागावू नका, पण तुमच्या सगळ्या अँटेना गडाकडे पाठ करून उभ्या आहेत."

ते टीव्ही मेकॅनिक होते, आयुष्य छपरांवर गेलेलं. त्यांनी माझ्याच बिलबुकाच्या मागे काढून दाखवलं. सगळ्यात लांब काडी मागे असते, ती आरसा. तिच्यापुढे तो दुमडलेला लूप, जिथून वायर खाली येते. त्याच्यापुढे आखूड काड्या, पुढे पुढे जरा कमी होत जाणाऱ्या, आणि ते आखूड टोक टॉवरकडे. मी नेमकं उलटं काढलं होतं, लांब काडी पुढे, कारण चित्रात ते बरं दिसत होतं. मी त्या दिवशी ती प्रिंट स्टॉलवरून काढली. काळ्या रंगाची फ्रेम नवीन केली, छापलेले कागद बाजूला ठेवले, पैसे गेले ते गेले. नवीन प्रिंट त्यांना नेऊन दिली तेव्हा त्यांनी प्रत्येक छपरावर बोट ठेवून तपासलं, आणि एका अँटेनापाशी म्हणाले, ही वाऱ्याने जराशी फिरलीय, हिच्या टीव्हीवर मुंग्या येणार. ती मी मुद्दाम तिरकी काढली होती!

गाण्याच्या प्रिंट्समध्ये हे जरा सोपं जातं, कारण गाणं मुळात दिसतच नाही. कॅसेटची प्रिंट आहे ती बघा, साठ मिनिटांच्या कॅसेटमधली टेप जवळपास ८६ मीटर भरते, ती सगळी बाहेर येऊन कागदभर गुंता झालाय आणि मधोमध पेन्सिल. पेन्सिल सहा कोनी, कॅसेटच्या चाकाला आत दात सहा, म्हणून तर ती बसायची. आणि भीमसेनजींसाठी म्हणाल तर मी केलीय प्रिंट. सवाई गंधर्व महोत्सव, जो त्यांनी गुरूंच्या आठवणीत १९५३ मध्ये सुरू केला, त्याच्या मंडपातली पहाट. दोन तानपुरे, माइक, बैठक रिकामी, आणि खाली प्रेक्षकांतल्या शाली आणि थर्मास. ज्यांनी ती पहाट बघितलीय त्यांना विचारावं लागत नाही कोण बसणार आहे ते.

अक्षरांबद्दल एक सांगायचं राहिलं. माझ्या प्रिंटवर फॉन्ट नसतो, शीर्षक मी ब्रशने काढते. तेव्हा टीव्हीवरच्या पाट्या हाताने रंगवायचे, कार्डावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरायचे, आणि पेपरात नाटकांच्या जाहिरातींमध्ये कमल शेडगे यांची अक्षरं यायची, ज्यांत नटाचा फोटो नसला तरी नाटक विनोदी आहे की गंभीर हे नुसत्या अक्षरावरून कळायचं. २०२० मध्ये ते गेले. मी त्यांच्या जाहिरातींची कात्रणं अजून काढून बसते, शिरोरेषा कुठे तोडलीय, कुठे वेलांटी मुद्दाम जड केलीय ते बघत. "रविवार, साडेनऊ" यातला 'र' मी चाळीस वेळा तरी लिहिला असेल.

सध्या मुंग्यांवर काम चाललंय. म्हणजे अँटेना हलली की पडद्यावर यायच्या त्या मुंग्या, नुसत्या, आणि त्यात अगदी पुसट काहीतरी हलल्यासारखं, आणि खाली बारीक अक्षरात गच्चीवरून यायची ती हाक, "आलं काऽऽ?" अजून जमत नाहीये. ठिपके फार बारीक केले तर जाळीत शाई वाळते आणि दहाव्या कागदानंतर अर्ध्या मुंग्या गायब, ओळीत ठेवले तर चटईसारखी नक्षी दिसते. काका म्हणतात ठिपके जरा मोठे कर आणि हाताने विस्कट, कंप्युटरला सांगू नकोस. तर गेले चार दिवस मी टेबलावर पेन घेऊन मुंग्या काढतेय, सोमवारी नवीन जाळी भरायची आहे.