लग्न गुहागरला, साडी पुळ्याला

ज्यांच्या घरात यंदा कोकणातलं लग्न आहे आणि ज्यांच्या नवऱ्यानं "चाललोच आहोत तर दोन दिवस आधी निघू, समुद्रही होईल" असं म्हटलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ज्यांच्या नवऱ्यानं अजून म्हटलं नसेल त्यांनीही वाचावं, तो म्हणणार आहे.

लग्न नणंदेच्या मुलीचं. मे महिन्यात, गुहागरला, घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मांडव घालून. मुलाकडची मंडळी सोलापूरची. माझा नवरा मुलीचा सख्खा आणि एकुलता एक मामा. आमच्याकडच्या लग्नात मामाला कामं दोनच. मुलगी गौरीहर पुजायला बसते तेव्हा नेसायची पिवळी अष्टपुत्री त्यानं द्यायची, आणि मुहूर्ताला मुलीचा हात धरून तिला बोहल्यावर आणायचं. बाकीचं लग्न इतरांनी करायचं. एवढ्यासाठी माणसाला एक्सेलची फाईल लागू नये, पण लागली. काम झालं की रकाना हिरवा. ती फाईल रोज रात्री घरच्या ग्रुपवर यायची आणि तिच्याखाली लेक अंगठा टाकायची, चिरंजीव "वायफाय आहे का" एवढंच विचारायचे, आणि सासूबाई शुभ सकाळचा गुलाब पाठवायच्या. हे आमचं नियोजन.

आधी प्रवासाचं बोलू. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होतं. आमच्या घरात हे माहीत असलेली व्यक्ती एकच होती, ती म्हणजे मी, आणि मला कोणी विचारलं नाही. मे महिन्यातल्या कोकणच्या गाड्यांसाठी साठाव्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला फोन हातात हवा. ते हुकलं तर तत्काळ उघडतं आदल्या दिवशी, एसीचं दहाला आणि बिगर-एसीचं अकराला. लग्नाचा मुहूर्त एक वेळ पुढेमागे होतो, हा होत नाही. शिवाय गुहागरला रेल्वे नाही. चिपळूणला उतरून पुढे साधारण ४५ किलोमीटर, मार्गताम्हाणे, शृंगारतळीवरून. एसटी आहे, पण वऱ्हाडाच्या बॅगा असतील तर गाडी आधी सांगून ठेवा.

सासूबाईंनी या सगळ्यात भागच घेतला नाही. त्या ७८ वर्षांच्या. एसटीत ७५ च्या पुढच्यांना राज्यात कुठेही तिकीट नाही (बायकांना कोणत्याही वयात अर्धं). आधार कार्ड कमरेला लावून त्या आदल्याच दिवशी रात्रीच्या गाडीत बसल्या आणि सकाळी व्याडेश्वराचं दर्शन आटोपून नणंदेकडे चहाला हजर. खर्च शून्य. आमच्या फाईलमध्ये त्यांच्या नावापुढे "आईला कसं न्यायचं?" हा रकाना तेव्हा लाल होता.

आम्ही गाडीनं. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल सगळे इतकं बोलले आहेत की मी थोडक्यात सांगते. पहाटे चारला निघा, पनवेल अंधारात मागे टाका, माणगावचा बाजार उघडायच्या आत माणगाव ओलांडा. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तिथल्या वळणांवर उलट्या होणाऱ्यांचं आयुष्य सुधारलंय. आमच्याकडे असा एक आहे, तो एक्सेलवाला.

गणपतीपुळ्याला निवळी फाट्यावरून वळायचं. तिथे आमचे दोन मुक्काम. देऊळ डोंगराला टेकलेलं आहे आणि अख्खा डोंगर हाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगरालाच, साधारण एक किलोमीटर. ती उजाडताच करा. मे महिन्यात दहा वाजता अनवाणी गेलात तर प्रदक्षिणा धावत पूर्ण होते, लेकीनं केली. समुद्रात पाय भिजवा, पोहू नका. वरून शांत दिसतो पण खालून ओढ आहे, आणि माणसं बुडाल्याच्या बातम्या येत असतात. मुलाला पाण्यातले खेळ खेळायचे होते. वडील "जाऊ दे ना" म्हणाले, मी किनाऱ्यावरच्या माणसानं दिलेल्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितले, मगच सोडलं. जवळच मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे, शेणानं सारवलेलं, थंडगार. चिरंजीव तिथे अर्धा तास रमले. कवितेसाठी की गारव्यासाठी, ते मी विचारलं नाही.

आता खाडी. कोकणात अंतर नकाशावर मोजायचं नसतं, खाडीवर मोजायचं असतं. पुळं आणि गुहागर नकाशात बोटभर लांब दिसतात, पण मध्ये शास्त्री नदीचं मुख आहे. जयगडहून तवसाळला फेरीबोट जाते, गाडीसकट चढता येतं. पलीकडे जायला वेळ लागत नाही, वेळ जातो तो धक्क्यावर, आणि लग्नसराईत तिथे किती गाड्या पुढे असतील हे कोणी सांगू शकत नाही. दुसरी वाट आहे, जाकादेवीवरून राई-भातगावच्या पुलानं आबलोली आणि तिथून शृंगारतळी. लांबची, वळणांची, पण पूल कोणासाठी थांबत नाही. हे दोन्ही रस्ते आदल्या रात्री ठरवून ठेवा. बोटीची पहिली आणि शेवटची वेळ धक्क्यावर विचारून घ्या, वर्षापूर्वीच्या कोणाच्या फोटोवरून नाही.

लग्नाच्या आदल्या दुपारी आम्ही त्याच बोटीनं मजेत गुहागरला पोचलो. बोटीवर फोटो झाले, संध्याकाळी सीमांतपूजन झालं, विहीणबाईंचे पाय धुवून झाले. रात्री साडेदहाला नणंद म्हणाली, "अरे, ती साडी दे की, घडी मोडून ठेवते."

नवऱ्यानं फाईल उघडली. रकाना हिरवा होता. साडी पुळ्याच्या लॉजमधल्या कपाटात होती, हँगरवर, घडी मोडू नये म्हणून लेकीनं टांगलेली. फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, "हां, पिवळं कायतरी आहे खरं."

मुहूर्त दुसऱ्या दिवशी ११ वाजून ४२ मिनिटांनी. मामा म्हणाला, पहिल्या फेरीनं जातो, दहाच्या आत परत. बर्म्युडावरच गेला, "येऊन बदलतो" म्हणत.

तो गेल्यावर पाच मिनिटांत सासूबाईंनी आपली पिशवी उघडली. त्या पिशवीत काय असतं हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. बाम, पंचांग, सुईदोरा, सुंठ, आणि त्या दिवशी कोरी पिवळी साडी. घरात लग्न म्हणजे एक जास्तीची असावी, म्हणून आणलेली. नणंद म्हणाली, "पण आई, ती मामाची लागते." सासूबाई म्हणाल्या, "मामाची नाही तर मामाच्या आईची. मुळाकडूनच आली असं समजा." गुरुजींनी मान डोलावली. मुलगी साडी नेसून गौरीहराला बसली. मामाला फोन लावला तर खाडीकडच्या उतारावर रेंज नाही.

रेंज आली तेव्हा सव्वादहा वाजले होते. साडी मिळाली होती, पण परतताना रस्त्यात कोणी "आत्ता झाडावरून उतरवलेत" म्हणून हापूस विकत होता, आणि मामा थांबला होता. दोन पेट्या. मग धक्क्यावर आला तर पुढे दुसऱ्याच लग्नाची एक बस, एक टेम्पो आणि बँडवाल्यांची जीप. "मी रांगेत आहे," तो म्हणाला. मी काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

इकडे मांडवात वेगळंच चाललं होतं. वीज गेली. जनरेटर होता, जनरेटरवाला नव्हता, तो शेजारच्या वाडीतल्या लग्नाला जेवायला गेला होता. कोकणातल्या मे महिन्यात जरीच्या शेरवानीत उभा असलेला सोलापूरचा मुलगा बघवत नव्हता. त्याच्या भावानं स्वतःचा सुती झब्बा काढून त्याला घातला आणि आपण बनियनवर सोवळं पांघरून फिरू लागला. म्हणून सांगते, मुलाकडच्यांना आधीच कळवा: सुती, सैल, आणि एक जास्तीचा जोड. बायकांनीही पैठणी पेटीतच ठेवावी, मुहूर्तापुरती काढावी. आणि मांडव सारवलेल्या खळ्यात असेल तर उंच टाचा नकोत. लेकीची एक टाच ओल्या सारवणात जी रुतली, ती निघाली पण चप्पलेशिवाय.

फोटोवाल्यानं ड्रोन आणला होता. तो आगरावरून, म्हणजे घरामागच्या वाडीवरून, एक सुंदर फेरी मारून माडाच्या शेंड्यात अडकला. पाडेलीला, म्हणजे माडावर चढून नारळ काढणाऱ्याला, बोलावलं. तो कमरेला कोयता लावून सरसर वर गेला आणि अर्धं वऱ्हाड मांडव सोडून आगरात माना वर करून उभं. पाडेलीनं ड्रोन खाली आणला, वर "नारळ काढू का आता आलोच आहे तर?" असंही विचारलं.

साडेअकरा. मुलगा पाटावर उभा, अंतरपाट धरलेला, मुलगी माजघराच्या उंबऱ्यात. गुरुजी हुशार. त्यांनी मंगलाष्टकं म्हणायला दोन्ही आत्यांना पुढे केलं. घरी रचलेली मंगलाष्टकं ऐकली असतील तर तुम्हाला कल्पना येईल: त्यात आजोळ, पणजोळ, नोकरीचं ठिकाण आणि शिक्षण सगळं येतं. एरवी मी अशा वेळी घड्याळाकडे बघते. त्या दिवशी मनात म्हणत होते, अजून एक काका राहिलेत, त्यांचंही नाव घ्या.

११ वाजून ३८ मिनिटांनी बेड्याशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी, गाडी थांबल्याचा आवाज आला आणि मामा आगरातून मागच्या दारानं आत शिरला. बर्म्युडा तीच, तिच्यावर पोपट छापलेले, खांद्यावर आंब्याची पेटी, काखेत साडी. पेटी कोणीतरी काढून घेतली. सासूबाईंनी त्याच्या कमरेला उपरणं लुंगीसारखं गुंडाळलं, डोक्यावर टोपी ठेवली आणि पाठीत एक हलकी थाप. त्यानं भाचीचा हात धरला. अल्बममधला तो फोटो छान आलाय. मुलगी हसतेय, मामाचा चेहरा गंभीर, आणि उपरण्याच्या फटीतून एक हिरवा पोपट बाहेर बघतोय.

पंगतीत आमची आमटी गुळाची, गोड्या मसाल्याची. विहीणबाईंनी एक घास घेतला, आमच्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत, आणि पिशवीतून शेंगाचटणीचा डबा काढला. मला वाटलं, आता रुसवा. पण डबा पंगतीत फिरला आणि आमच्याकडचे मोदकप्रेमी काका तिसऱ्यांदा मागायला लागले तेव्हा त्या खुलल्या. घाटावरची मंडळी येणार असतील तर पानात डावीकडे काहीतरी झणझणीत ठेवा, मानपानाचे निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

खरी सहल आम्ही लग्नानंतर केली, आणि तुम्हीही तसंच करा. मामा, करवली आणि दागिन्यांची किल्ली ज्याच्याकडे आहे तो, या तिघांनी आदल्या दिवशी खाडीच्या मांडवाकडच्याच काठावर झोपायचं. लग्न लागलं की मोकळे. गुहागरचा किनारा लांबलचक, सुरूच्या झाडांचा, सकाळी जवळजवळ रिकामा. गावात उफराटा गणपती बघा. समुद्र अडवायला देवानं तोंड फिरवलं अशी त्याची गोष्ट आहे, ती सासूबाईंकडून ऐकलीत तर जास्त चांगली. हेदवीला दशभुज गणेशाचं देऊळ, आणि पुढे समुद्राकाठी बामणघळ, खडकातली अरुंद चीर, भरतीला लाट आत शिरते आणि उंच उसळते. ओहोटीला गेलात तर नुसती चीर दिसते, म्हणून भरतीची वेळ गावात विचारून जा, आणि ओल्या खडकावर फोटोसाठी पुढे जाऊ नका. वेळणेश्वरला देवळातून थेट वाळूत उतरता येतं.

उत्तरेला दापोलीकडे जायचं असेल तर धोपावेहून दाभोळला दुसरी फेरीबोट आहे. आम्ही तीच घेतली. नवरा धक्क्यावर पोचल्यावर बराच वेळ गप्प होता. दाभोळची चंडिका, मग कर्व्यांचं मुरूड, हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव. तो ३१ मेपर्यंतच गाठा, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. लिलावात बोली लावायची हौस असेल तर आधी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. आमच्या चिरंजीवांनी नुसतं कान खाजवायला हात वर केला आणि आमच्या नावावर सुरमई होता होता राहिली.

अष्टपुत्री मुलीनं दुसऱ्या दिवशी सोलापुरात सत्यनारायणाला नेसली, त्यामुळे मामाची खेप अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही. आंबे मात्र "आत्ता उतरवलेले" म्हणजे दगडासारखे हिरवे होते, लग्नाच्या आमरसाला काडीचा उपयोग नाही. असे आंबे घेतलेत तर पेंढ्यात, हवेशीर ठेवा आणि रोज खालवर करा. बंद गाडीच्या डिकीत दापोलीभर फिरवलेत तर एका बाजूनं पिकतात, दुसऱ्या बाजूनं सडतात. आमची एक पेटी वाचली, ती विहीणबाईंना पाठवली. उत्तरादाखल सोलापूरहून शेंगाचटणीचं मोठं पार्सल आलंय, आणि त्यात मुलीच्या धाकट्या दिराच्या लग्नाची पत्रिका. डिसेंबरात, पंढरपूरला. नवरा म्हणतोय, चाललोच आहोत तर अक्कलकोट, तुळजापूर करून येऊ.