एकटीच्या मापाची यूट

यूट, म्हणजे पिकअप गाडी, घेताना मी मेक-मॉडेलपेक्षा हौद्याचा विचार जास्त केला. ऑस्ट्रेलियात या गाड्या दोन प्रकारांत मिळतात. एकीला कंपनीचाच खोलगट, बंद हौदा असतो. दुसरी नुसती केबिन आणि चासी अशी मिळते, तिच्यावर आपल्याला हवा तसा सपाट ट्रे बसवून घ्यायचा. दिसायला पहिली देखणी. दुसरी म्हणजे आपल्याकडचा टेम्पो: तीन बाजूंना फाळके, खटके काढले की खाली. मी दुसरी घेतली. एकटीने आउटबॅकमध्ये, म्हणजे इथल्या आतल्या ओसाड भागात, जायचं तर जमिनीवर उभं राहून, तीन बाजूंनी, प्रत्येक वस्तूपर्यंत हात पोचला पाहिजे. खोलगट हौद्यात चाकांच्या कमानी जागा खातात, आणि तळाशी गेलेली पिशवी काढायला आत चढावं लागतं. एक्स्ट्रा कॅब, म्हणजे सीटमागे थोडी जास्त जागा असलेली केबिन, घेतल्याने तिथे कागदपत्रं, कॅमेरा, लॅपटॉप कुलपात राहतात. ॲडलेडच्या ट्रॅफिकमध्ये मी प्लंबर वाटते, एवढाच काय तो तोटा.

मग वजन. सगळ्या मंडळींना यात दिवे, विंच आणि छतावरचा तंबू आधी सुचतो. मी आधी वही काढली. गाडीचं भरून कमाल वजन, ज्याला इथे सगळे जीव्हीएम म्हणतात, ते माझ्या गाडीचं ३,०५० किलो. रिकाम्या चासीचं सुमारे १,८२०. म्हणजे सव्वा टन माल टाकता येईल असं वाटतं ना? पण केबिन-चासीच्या कागदावरच्या वजनात ट्रे धरलेलाच नसतो. ॲल्युमिनियमचा ट्रे १४०, त्यावरची पेटी ११०, पुढचा बुलबार आणि ओढायचे हुक ६५, शिवाय मी स्वतः. अजून पाण्याचा थेंब भरलेला नाही, फ्रिज नाही, आणि तीनशेच्या वर किलो गेले. लोखंडी ट्रे घेतला असता तर आणखी शंभरेक. चार दारांच्या यूटवर लांबलचक पेटी, दोन फ्रिज, छतावर तंबू अशी चढाओढ करणारे लोक मर्यादेच्या वर कधी जातात ते त्यांना कळतही नाही. अपघात झाला तर विमा कंपनी मात्र नेमकं तेच विचारणार.

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यांना फोनवर आकडे वाचून दाखवले. "मागच्या स्प्रिंगचे पाटे जाड टाकून घेऊ का?" असं विचारलं तर म्हणाले, "अगं, पाटे नंतर. आधी माल मागच्या ॲक्सलच्या पुढे आण. मागे लोंबलेला माल पुढची चाकं उचलतो, मग स्टेअरिंग हातात राहत नाही." त्यामुळे पेटी केबिनला अगदी चिकटून बसवली, नव्वद सेंटिमीटर खोल, ट्रेच्या पूर्ण रुंदीची. पाण्याच्या टाक्या तिच्या तळाशी. पाणी ६० लिटर, पण एकाच टाकीत नाही: २५ च्या दोन आणि १० चा एक कॅन, म्हणजे दगड लागून एक फुटली तरी बाकीचं शाबूत. माणशी दिवसाला दहा लिटर धरतात. त्यात भांडी आणि तोंड धुणंही आलं.

लांब पल्ल्याची डिझेलची टाकी मला बऱ्याच जणांनी सुचवली होती. नकाशा उघडला. मला जायचं होतं त्या ऊडनाडाटा ट्रॅकवर, म्हणजे दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या लांबलचक कच्च्या रस्त्यावर, मारी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा आणि मार्ला इथे डिझेल मिळतं, आणि प्रत्येक टप्पा साधारण दोनशे किलोमीटरचा. मूळ टाकी आणि वीस लिटरचा एक कॅन पुष्कळ झाला.

विजेचं काम मी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं, पण शेजारी उभं राहून. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी घेतली. जुन्या पद्धतीच्या बॅटरीच्या निम्म्याहूनही कमी वजन, आणि तिच्यातली जवळजवळ सगळी वीज वापरता येते. ती बॉनेटखाली ठेवायची नाही, तिथली उष्णता तिला मानवत नाही; पेटीत ठेवली. हल्लीच्या गाड्यांचा अल्टरनेटर मुख्य बॅटरी भरली की व्होल्टेज पाडतो, म्हणून ही दुसरी बॅटरी भरायला मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो. इथला प्रसिद्ध चार्जरचा ब्रँड, रेडआर्क, ॲडलेडचाच. चाळीस लिटरचा फ्रिज हिवाळ्यात दिवसाला तीस-चाळीस अँपिअर-अवर खातो, त्यामुळे ऊन नसलं आणि गाडी हलली नाही तरी दोन दिवस निभतात. एका गोष्टीवर मी अडून बसले: फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. चार मीटर वायरच्या दुसऱ्या टोकाला लावलेला फ्यूज मधल्या चार मीटरला लागलेल्या आगीचं काही करू शकत नाही.

धुळीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. आउटबॅकमध्ये काही खड्डे वरून सपाट दिसतात आणि आत मैद्यासारखी मऊ माती भरलेली असते. तिला बुलडस्ट म्हणतात. ती दाराच्या रबरातून, वायरच्या भोकातून, बिजागरीतून, कुठूनही शिरते. रात्री गॅरेजचा दिवा घालवला, पेटीत जोरदार टॉर्च लावून दारं बंद केली आणि बाहेरून फिरले. जिथून उजेडाची रेघ दिसली तिथे खडूने खूण. मग रबराच्या जागी कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज सरकली तर रबर दबत नाही. डावीकडच्या दाराचा खालचा कोपरा सगळ्यात ढिला निघाला, तिथे खटका दोन मिलिमीटर आत घेतला. एवढं करूनही धूळ येते, पण डाळीच्या डब्यापर्यंत पोचत नाही.

झोपायची सोय उरलेल्या हौद्यात. पेटीमागे सव्वा मीटर जागा राहते, आणि ट्रेची रुंदी मला आडवं झोपायला पुरते. बुटकं असण्याचा असा फायदा याआधी कधी झाला नव्हता. कॅनव्हासचा स्वॅग, म्हणजे गादीसकट गुंडाळता येणारा बिछाना, आडवा पसरते. पायाकडचा भाग फाळक्याला टेकून दुमडतो. फाळके वर असले की वारा लागत नाही. छतावरच्या तंबूचे पन्नास-साठ किलो आणि रात्री शिडी उतरणं, दोन्ही वाचलं.

एकटीच्या प्रवासात खरी परीक्षा स्टेपनीची. माझं एक चाक ३५ किलोचं. ते केबिनमागे उंचावर टांगून दिलं तर फोटोत छान दिसतं, उतरवणार कोण? एक स्टेपनी ट्रेखाली, दुसरी बाजूला गुडघ्याच्या उंचीवर. मग घराच्या ड्राइव्हवेत चाक बदलायची तालीम, कोणाची मदत न घेता. जॅकखाली जाड फळी, कारण वाळूत जॅक आधी स्वतःच खाली जातो. चाक बोल्टवर चढवायला फावडं: फावड्याचं पातं चाकाखाली सरकवायचं, दांडा दाबायचा, चाक हवं तेवढं उचललं जातं आणि हातांना फक्त ते फिरवून भोकं जुळवायचं काम उरतं. फावडं नाहीतरी वाळूसाठी लागतंच. दुसरी गाडी बरोबर नसेल तर ओढायच्या पट्ट्यांचा काडीचा उपयोग नाही. त्या घरी ठेवल्या आणि चाकाखाली घालायच्या फळ्या घेतल्या, मॅक्सट्रॅक्स.

सामान बांधायचे इथले नियम मला फार आवडले, कारण ते सरळ गणित आहे: बांधणीने पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के, बाजूंना आणि मागे ५० टक्के जोर धरला पाहिजे. पंचवीस किलोचा भरलेला कुकिंग बॉक्स रबरी दोरीने बांधणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

सगळं भरून, टाकी फुल्ल करून, मी स्वतः बसून गाडी सार्वजनिक वजनकाट्यावर घातली. आधी पूर्ण, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून. एकूण २,५९०. वहीतली बेरीज २,५४० होती. पन्नास किलो कुठून आले ते कधीच सापडत नाही. मागच्या ॲक्सलवर मर्यादेच्या आत, पुढची चाकं जमिनीवर भक्कम. बाबांना पावतीचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "ठीक. आता हवा बघ."

हवेचं त्यांचं म्हणणं खरंच निघालं. लिंडहर्स्टच्या पुढे डांबर संपलं तिथे उतरून चाकं २८ पीएसआयवर आणली. ट्रॅकवर रस्त्याला आडव्या सऱ्या पडलेल्या असतात, मैलोन्‌मैल. हवा कमी केली की टायर थोडं झेलतो आणि दगडाने फाटण्याची शक्यताही कमी होते. वाळूत मी आणखी खाली, अठरा-वीसपर्यंत जाते. परत डांबरावर यायच्या आधी भरायला कॉम्प्रेसर बरोबर. रोज संध्याकाळी पाना घेऊन ट्रेचे, पेटीचे बोल्ट तपासायचे. आत नायलॉनचं कडं असलेल्या नटांनी तग धरला, साध्या नटांपैकी दोन हाताने फिरत होते.

मारीला उंटवाल्यांच्या जुन्या मशिदीची प्रतिकृती आहे. १८६६ मध्ये थॉमस एल्डर यांनी शंभराहून अधिक उंट जहाजाने आणले ते कराचीहून, आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. रेल्वे आणि मोटारी येण्याआधी या भागाची रसद त्या उंटांवर आणि त्यांच्याबरोबर आलेल्या माणसांवर चालली. दोन्ही अंगांना ओझं तोलून बांधणं हा त्यांचा रोजचा धंदा. फोनवर सांगितलं तर बाबा एवढे खूश झाले की वजनकाट्याचा विषय पुन्हा निघाला.

कॉवर्ड स्प्रिंग्सला जुन्या घान रेल्वेच्या ठाण्याशेजारी मुक्काम केला. खजुराची झाडं, झऱ्याच्या पाण्याचा छोटा हौद, आणि ट्रेवर बसून मेतकूट-भात. गाडीतल्या वस्तूंपैकी माझ्या हाताशी कायम एकच असते: पीएलबी, म्हणजे ४०६ मेगाहर्ट्‌झचा आपत्कालीन बीकन. तो सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे फुकट नोंदवता येतो. तो पेटीत नाही, अंगावर असतो. गाडीपासून लांब पाय मुरगळला तर पेटीतला बीकन काय कामाचा? गाडी बंद पडली तर मात्र तिला सोडून चालत सुटायचं नाही. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

परत आल्यावर दुसरी खुर्ची, मोठी कढई आणि छतावरचे दिवे काढून टाकले. अंधार पडायच्या आत मी थांबतेच, रात्री कांगारूंच्या आणि गुरांच्या वाटेत गाडी घालत नाही, मग दिवे कशाला.

आता सगळे विचारतात, सिम्पसनचं वाळवंट कधी? अकराशेहून अधिक वाळूचे डोंगर, एकापाठोपाठ एक, आणि उन्हाळ्यात, १ डिसेंबर ते १५ मार्च, पार्क बंद. गाडी तयार आहे, पण तिथे मी एकटी जाणार नाही. दुसरी गाडी शोधते आहे. शक्यतो माझ्याच मापाची चाकं असलेली, म्हणजे दोघींच्या स्टेपन्या एकमेकींना चालतील.